एका पापुद्र्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आम्हा बीदरकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो, मग महमूद गवानाचा मदरसा, मग अष्टूरच्या घुमटांची रांग. सुलतान, वजीर, लढाया आणि तह. मीही इतिहासाचाच एम.ए., त्यामुळे ही तक्रार घरच्यावरच आहे. पण ज्या किल्ल्याच्या तटांवर आपण इतके लिहितो, त्याच किल्ल्याच्या मातीवर आमच्या बिदरी कारागिरांची कला उभी आहे, हे किती पुस्तकांत येते? जस्त पुष्कळ, तांबे थोडे, अशा मिश्रधातूच्या भांड्यावर चांदीची नक्षी बसवायची आणि किल्ल्यातली ती विशिष्ट माती नवसागराच्या पाण्यात कालवून, गरम करून भांड्याला लावायची. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र शुभ्रच राहते. योग्य माती कोणती, हे जुना कारागीर जिभेवर चाखून सांगतो. हेही रसायनशास्त्रच आहे. फक्त ते कुणी लिहून ठेवले नाही.

म्हणून यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी इतिहासावर लेख मागितला तेव्हा ठरवले, की राजाचा नाही, एका पदार्थाचा इतिहास लिहायचा. पदार्थ म्हणजे केसाहून जाड नसलेला एक पापुद्रा. त्या पापुद्र्यापायी जगाला सव्वाशे वर्षे थांबावे लागले आणि त्याच्याच मागे आपल्याकडच्या एका रसायन अभियंत्याच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्यांचे नाव डॉ. आशिष किशोर लेले.

आधी यंत्राची ओळख. इंग्रजीत ज्याला फ्युएल सेल म्हणतात त्याला मराठी शास्त्रपुस्तकांत इंधन घट हा शब्द आहे. घट हा शब्द मला आवडतो. नवरात्रातला घट आठवतो. या घटात एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा. आत ज्वाला नाही, धूर नाही, फिरणारे चाक नाही. वीज बाहेर पडते आणि मागे उरते शुद्ध पाणी. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ किलो पाणी, असा हा हिशेब.

आठवी-नववीच्या मुलांना पाण्याचे विद्युत अपघटन शिकवताना आमचे विज्ञान शिक्षक पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या पाण्यात बुडवून बॅटरी जोडतात. कांड्यांवर बुडबुडे जमतात. मग बॅटरी काढून तिथे मीटर लावायचा. काटा हलतो! ज्या विजेने पाणी फुटले, त्यातली थोडी वीज ते वायू पुन्हा एकत्र येताना परत करतात. क्षणभरच, पण करतात. नेमकी हीच गोष्ट १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह या वेल्श माणसाने प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून दाखवली. त्याच सुमारास बाझल येथे शोनबाइन यांनीही या परिणामाचा अभ्यास केला होता. ग्रोव्ह पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाला. म्हणजे कल्पना शाहूमहाराज साताऱ्याच्या गादीवर होते त्या काळातली नव्हे, पण साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून काढले त्याच वर्षातली आहे. एवढी जुनी!

मग दीडशेहून अधिक वर्षे आपल्या मोटारी डिझेलच का पीत राहिल्या? कल्पनेत खोट नव्हती, पदार्थ नव्हता. १८८९ मध्ये लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांनी हा घट व्यवहारात आणायचा प्रयत्न केला आणि प्लॅटिनमच्या किमतीपाशी अडले. केंब्रिजचे फ्रान्सिस बेकन १९३२ पासून क्षारयुक्त द्रावणाचा घट घेऊन बसले, ते १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा संच चालवून दाखवू शकले. सत्तावीस वर्षे! हा आकडा मी मुद्दाम सांगतो. दहावीनंतर चार वर्षांत पगाराचा आकडा विचारणाऱ्या आमच्या पालकांना तो ऐकवण्यासारखा आहे.

खरी अडचण अशी, की दोन्ही वायू एकमेकांत मिसळता कामा नयेत, इलेक्ट्रॉन मधून जाता कामा नयेत, पण हायड्रोजनचा धनभारित गाभा, म्हणजे प्रोटॉन, मात्र पलीकडे गेला पाहिजे. बारीक डोळ्यांचा द्वारपाल हवा. द्रव आम्ल ठेवले तर ते गळते, धातू खाते. १९५५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थॉमस ग्रब यांनी द्रवाऐवजी प्लॅस्टिकचा पातळ पडदा वापरला. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ यानात असे घट अंतराळात गेले. परंतु ते पॉलिस्टायरीन लवकर झिजे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी टेफ्लॉनसारख्या चिवट साखळीला आम्लगट जोडून नॅफिऑन तयार केले. तोच हा पापुद्रा. आज जगातल्या बहुतेक हायड्रोजन मोटारींत त्याच कुळातला पापुद्रा असतो. (अपोलो यानांत मात्र बेकन घराण्याचे क्षारयुक्त घट होते. चंद्रावर जाणारे वीर त्याच घटांतले पाणी पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा घट बंद पडले, आणि वीज व पाणी दोन्ही एकदमच तोडके झाले.)

आता आपल्याकडे येऊ. भारतात रसायन अभियांत्रिकीचा इतिहास माटुंगा आणि पाषाण या दोन जागांना वगळून लिहिता येत नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, लोकांच्या तोंडी यू.डी.सी.टी., १९३३ मध्ये सुरू झाला आणि पुढे माटुंग्याला स्थिरावला. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एन.सी.एल.चे, उद्घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले. या दोन संस्थांमधली वाट फार रुळलेली आहे. माटुंग्याचे प्रमुख के. वेंकटरामन १९५७ मध्ये एन.सी.एल.चे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचे विद्यार्थी बाळ दत्तात्रेय टिळक त्यांच्या मागून आले. माटुंग्यालाच प्रा. मनमोहन शर्मांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले, गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर इंग्लंडातून १९७६ मध्ये पुण्याला आले आणि १९८९ मध्ये संचालक झाले. वारकरी घराण्यात वारी जशी चालत येते तशी ही परंपरा. सरकारी आदेशाने ती निर्माण होत नाही.

लेले याच वाटेचे. जन्म १९६७. माटुंग्याहून १९८८ मध्ये रसायन अभियांत्रिकीची पदवी, मग अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात १९९३ मध्ये पीएच.डी. त्या काळात डेलावेअरला पीएच.डी. झालेला मुलगा परत आला तर शेजारीपाजारी विचारत, ‘काय झालं? तिकडं जमलं नाही का?’ आजही आमच्या भागात हेच विचारतात, फक्त डेलावेअरच्या जागी डॅलस असते. लेले परत आले आणि एन.सी.एल.मध्ये दाखल झाले.

त्यांचा विषय ऐकायला अगदीच साधा. मऊ, चिकट, लिबलिबीत पदार्थ कसे वाहतात? शास्त्रात याला र्‍हिओलॉजी म्हणतात. आमच्या घरच्या बायकांना हे शास्त्र नाव न कळता येते. कुरडयांचा चीक शिजवताना तो पातळ राहिला तर सोऱ्यातून पडल्यावर पसरतो, घट्ट झाला तर तुटतो; आणि सोऱ्याच्या भिंतीला तो कधी चिकटून राहतो, कधी एकदम निसटून सटकन बाहेर येतो. वितळलेले प्लॅस्टिक साच्यातून ओढताना नेमके हेच होते. भिंतीवरून ते केव्हा आणि का निसटते, पृष्ठभाग खरखरीत का होतो, हे लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या पातळीवर मांडले. दुसरे काम जेलचे. काही जेल पाणी पिऊन फुगतात आणि बत्तीस-तेहतीस अंशांच्या वर नेले की अंग चोरून आक्रसतात. अशा ‘शहाण्या’ जेलमधल्या रेणूंची घडण हवी तशी कशी करावी, यावर त्यांनी माशेलकरांबरोबर काम केले. २००६ मध्ये त्यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार.

एका पालकाला मी हे उत्साहाने सांगत होतो. गृहस्थ भालकीकडचे, शेती आणि किराणा दुकान. ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, ते सगळं खरं. पण चिकट पदार्थांचा अभ्यास करून पुढं काय?’ प्रश्न चुकीचा नव्हता. पुढे काय, त्याचेच उत्तर इंधन घटात आहे.

घटातला पापुद्रा हे शेवटी एक पॉलिमरच. त्याचे द्रावण करायचे, ते काचेवर एकसारखे पसरायचे, वाळवायचे. मग प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या भुकटीवर बसवून तिची शाई करायची आणि त्या शाईचा थर द्यायचा. थर जाड झाला तर प्लॅटिनम वाया, पातळ झाला तर वीज कमी, भेगा पडल्या तर घट निकामी. म्हणजे कुरडईच्या चिकाचेच प्रश्न, फक्त चीक सोन्याच्या पंक्तीतल्या धातूचा. मऊ पदार्थांच्या प्रवाहात आयुष्य घातलेला माणूस या कामाला लागतो तो असा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, यांनी विषय बदलला. विषय तोच होता.

नॅफिऑनची एक खोड आहे: ते ओले असले तरच प्रोटॉनना वाट देते. म्हणून घट ऐंशी अंशांच्या आतच चालवावा लागतो, आणि त्या तापमानाला हायड्रोजनमधला किंचितसा कार्बन मोनॉक्साइडदेखील प्लॅटिनमला विषासारखा बाधतो. बरे, पाणी जास्त झाले तर तेच घटाच्या सूक्ष्म नळ्यांत तुंबते आणि हवेची वाट अडते. कोरडे नको, तुंबलेले नको. हे वाचताना मला आमच्या नौबादची सुरंग बावी आठवली. बहामनी काळात जमिनीखालून खोदलेला तो करेज. पंप नाही, मोट नाही. बोगद्याला दिलेला उतार आणि ठिकठिकाणी सोडलेली हवेची विहिरे, एवढ्यावर पाणी आपोआप वाहत राहावे अशी योजना. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खात जाईल, कमी झाला तर गाळ साचेल. ज्यांनी हा उतार साधला त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. इंधन घटाच्या अभियंत्यासमोर पाण्याची हीच वाट आहे, फक्त ती मिलिमीटरमध्ये मोजायची.

दुसरा मार्ग म्हणजे पाण्यावर न अवलंबणारा पापुद्रा. पॉलिबेन्झिमिडाझोल, सोयीसाठी पी.बी.आय., हे उष्णतेला दाद न देणारे पॉलिमर. ते फॉस्फोरिक आम्लात मुरवले की दीडशे अंशांच्या आसपासही प्रोटॉन वाहून नेते आणि कार्बन मोनॉक्साइडला बरेचसे सहन करते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवले. एन.सी.एल.मध्ये या पी.बी.आय.वर, उत्प्रेरकांवर आणि संपूर्ण घटावर काम झाले, आणि त्यात लेले यांचा पुढाकार होता. माशेलकर सी.एस.आय.आर.चे महासंचालक असताना प्रयोगशाळा आणि उद्योग यांना एकत्र बांधणारी एन.एम.आय.टी.एल.आय. नावाची योजना सुरू झाली होती. तिच्या छत्राखाली इंधन घटाचे काम पुढे सरकले. पुण्याची एन.सी.एल., तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आणि पुण्याचीच केपीआयटी कंपनी यांनी २०१६ मध्ये मोटारीच्या घटाचा प्रकल्प हाती घेतला.

ऑक्टोबर २०२० मध्ये, साथीच्या त्या वर्षात, एन.सी.एल.च्या आवारात एक पाच आसनी मोटार देशी बनावटीच्या घटावर धावली. घटाची क्षमता दहा किलोवॅट, तापमान ६५ ते ७५ अंश. टाकीत साडेतीनशे बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि तेवढ्यावर ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने सुमारे अडीचशे किलोमीटर जाता येईल असा अंदाज दिला गेला. आमच्या नौबादहून हैदराबाद गाठून शंभर किलोमीटर उरतील. वाटेत सोळा-एक लिटर पाणी पडेल. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात याच मंडळींच्या बसचे उद्घाटन केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी केले.

लेले मधली काही वर्षे एन.सी.एल. सोडून रिलायन्स उद्योगसमूहाच्या संशोधन विभागात होते. एप्रिल २०२१ मध्ये ते संचालक म्हणून एन.सी.एल.मध्ये परतले. प्रयोगशाळेतून कारखान्यात, कारखान्यातून पुन्हा प्रयोगशाळेत, हे आपल्याकडे विरळा घडते. सरकारी नोकरी सोडली म्हणजे दारच बंद, ही आपली समजूत. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचा भाग हा आहे, कारण प्रयोगशाळेत पोस्टकार्डाएवढा साधलेला पापुद्रा कारखान्यात ताग्यासारखा मैलभर काढायचा असतो आणि तिथेच बहुतेक देशी संशोधन अडकते.

एक गंमत सांगतो. एन.सी.एल.चे पहिले संचालक होते मॅकबेन, साबणाच्या द्रावणाचे अभ्यासक. साबणाचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात हे त्यांनी लंडनच्या एका सभेत सांगितले तेव्हा अध्यक्षांनी ‘मूर्खपणा आहे’ म्हणून झटकून टाकले, अशी कथा आहे. पुढे ते खरे ठरले. साबणाच्या माणसापासून सुरू झालेली ही संस्था सात दशकांनी जेलच्या माणसाकडे आली. चिकट पदार्थांचा अभ्यास करून पुढे काय, असे विचारणाऱ्यांनी हेही पाहावे.

आता थोडे कडू. ‘भारतातील पहिली’ या शब्दांचा मला जरा वीट आला आहे. पहिली मोटार, पहिली बस, पहिली नाव. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, हिरवा झेंडा येतो आणि दुसरी बस कुठे आहे हे कुणी विचारत नाही. त्या मानाने अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा गाजावाजा न करता पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा घट घडवत राहिली. ८ मार्च २०२१ रोजी त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. पाणबुडीला श्वास घ्यायला वर यावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. तिथे किंमत दुय्यम, म्हणून तिथे घट लवकर रुजेल. बसचे तसे नाही. एस.टी.चे तिकीट वाढले की आमच्या उदगीर-बीदर मार्गावर लगेच बोंब होते.

आणि हायड्रोजन येतो कुठून? आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून निघतो. तो काढताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. बसच्या नळीतून पाणी पडते, धूर मात्र दुसऱ्याच्या गावात निघतो. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपये ठेवले आहेत आणि २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन उत्पादनाचे लक्ष्य. सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचे, म्हणजे ग्रोव्हचा प्रयोग उलटा. त्या यंत्राच्या एका प्रकारात पुन्हा तोच पापुद्रा लागतो, आणि प्लॅटिनमच्या जोडीला इरिडियम, जे त्याहूनही दुर्मीळ.

त्या भालकीच्या गृहस्थांचा मुलगा बारावीला लातूरला होता. आता त्याला रसायन अभियांत्रिकी घ्यायची आहे, आणि वडील म्हणतात कॉम्प्युटर घे. माझ्याकडे दोघेही येऊन गेले. मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत कन्नड आणि दखनी, आणि पुस्तके इंग्रजीत वाचतो. त्याला भाषेची भीती नाही. मी वडिलांना आकडे दिले, बेकनच्या सत्तावीस वर्षांचेही, कारण पगार लपवायचा नसतो तसा उशीरही लपवायचा नसतो. आपल्याकडे घट जुळवता येतो हे पुण्याने दाखवले. पण मधला पापुद्रा अजून बव्हंशी परदेशातून येतो. मुलाने हे शेवटचे वाक्य वहीत लिहून घेतले. वडिलांनी विचारले, ‘परदेशातून येतो म्हणजे किती रुपये मीटर?’ दुकानदाराचा प्रश्न होता, आणि नेमका तोच विचारायला हवा होता.